डाव्या नाकपुडीतलं पाणी

माझी आई जुने कागद दुरुस्त करते. सरकारी दफ्तरखान्याच्या तळघरात तिचं टेबल आहे आणि त्यावर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या, नकाशे, करारनामे येऊन पडतात. वाळवीने खाल्लेल्या पानाला मागून पातळ कागद लावायचा, खळीचा ब्रश इतका हलका फिरवायचा की शाईला कळूही नये, मग पान टिपकागदांमध्ये दाबून ठेवायचं. आठ तास मान खाली. तेवीस वर्षांत तिने एक अक्षर फिसकटू दिलं नव्हतं. ती हे बोलून दाखवायची नाही, पण कोणी टेबलाजवळ चहा घेऊन आलं तर अशी बघायची की माणूस कपासकट मागे फिरायचा.

मी सतरा वर्षांची होते तेव्हा तिचं नाक गळायला लागलं. शेंबूड नव्हता तो, पाणी होतं. फक्त डाव्या नाकपुडीतून, आणि तेही ती वाकली की. तळघरात धूळ इतकी की तिथे नाक न गळणाऱ्या माणसाचंच नवल वाटावं, त्यामुळे कोणाला काही विशेष वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या, नाकात मारायचा फवारा दिला. गोळ्यांनी आईच्या तोंडाला कोरड पडायची आणि दुपारभर पेंग यायची. पाणी काही थांबेना.

आमची आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, दोन इमारती सोडून राहते. ती म्हणाली, "अगं, मेलेल्या माणसांचे कागद हुंगत बसतेस दिवसभर. नाक रडणार नाही तर काय करणार?" तिने रोज वाफ घ्यायला सांगितलं. आईने तीही घेतली.

घरातले कपडे मी धुवायचे. सर्दीचा रुमाल वाळला की कडक होतो, हे कोणालाही ठाऊक असतं. आईचे रुमाल वाळले तरी मऊच राहायचे, जणू नुसत्या पाण्यात बुडवले होते. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "बरंय की, धुवायला सोपं." आणखी एक गोष्ट होती. आईचं डोकं वर्षानुवर्षं दुखायचं, ते नाक गळायला लागल्यापासून थांबलं होतं. गोळ्यांचा तेवढा तरी गुण आला म्हणून आम्ही खूश होतो.

ती डाव्या नाकपुडीत कापसाचा बोळा घालून काम करायला लागली. अडीच महिने असे गेले. मग एका दुपारी बोळा भिजून ओघळला आणि एक थेंब नकाशावर पडला. हाताने काढलेला जुना नकाशा, त्यात निळ्या शाईची नदी. थेंब नेमका नदीवर पडला आणि निळा रंग बाजूच्या शेतात पसरला.

वरच्या मजल्यावरचे साहेब ओरडले नाहीत. त्यांनी नकाशा पाहिला, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, नाकाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कामावर येऊ नका." त्या दिवशी ती तीन वाजताच घरी आली. चप्पल न काढता खुर्चीत बसली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. फक्त म्हणाली, "नदी फुगली गं माझ्या हातून."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठे कोण अडकलं की त्यांचा फोन वाजतो, मग त्यांना निघावंच लागतं. म्हणून आईबरोबर मी गेले.

नाकाच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रुमालाचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग आईला विचारलं, "घशात कधी खारट लागतं का?"

"सकाळी उठल्यावर लागतं," आई म्हणाली. "उशीही ओली असते थोडी."

हे आम्हाला तिने कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला पुढे वाकून, डोकं गुडघ्यांपर्यंत नेऊन बसायला लावलं आणि नाकाखाली एक छोटी बाटली धरली. खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग डाव्या नाकपुडीच्या कडेला थेंब जमला आणि बाटलीत पडला. मग दुसरा. स्वच्छ, काचेसारखे. डॉक्टरांनी अगदी काळजीपूर्वक झाकण लावलं. साध्या सर्दीच्या पाण्याला कोणी एवढं जपत नाही.

टेबलावर नाकाचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, मधोमध कापलेलं. डॉक्टरांनी ते आमच्याकडे वळवलं.

"हा मधला पडदा. दोन्ही बाजूंना या तीन-तीन वळकट्या. आपण श्वास घेतो ती हवा यांच्यावरून जाते, तेवढ्यात ती गरम होते, ओली होते, धूळ इथेच चिकटते. फुप्फुसांपर्यंत जाते ती स्वच्छ हवा. आणि हे वर दिसतंय ना, ते नाकाचं छत. इथलं हाड चाळणीसारखं असतं. त्याच्या बारीक भोकांतून वासाच्या नसा खाली उतरतात. त्याच्यावर मेंदू."

"लगेच वर?" आईने विचारलं.

"लगेच. मध्ये मेंदूची आवरणं आहेत आणि मेंदूभोवतीचं पाणी. छताचं हाड काही ठिकाणी कागदाइतकं पातळ असतं."

आई जराशी पुढे सरकली. "कुठल्या कागदाइतकं?"

डॉक्टर बहुधा हसणार होत्या, पण आईचा चेहरा बघून हसल्या नाहीत. "तुम्ही वापरत असाल त्यातल्या सगळ्यात पातळ," त्या म्हणाल्या. "मला शंका आहे की ते तुमच्या डाव्या बाजूला फाटलंय. ही सर्दी नाही. हे मेंदूभोवतीचं पाणी असावं."

तपासणीने आणि स्कॅनने चार दिवसांत तेच सिद्ध केलं. डाव्या बाजूला छताला जेमतेम तीन मिलिमीटरचं भोक होतं. कुठे पडणं नाही, मार नाही. डॉक्टरांच्या मते डोक्यातल्या पाण्याचा दाब बरीच वर्षं जास्त असावा. तोच डोकं दुखवत होता, त्यानेच हाड झिजवलं, आणि वाट मिळाल्यावर दाब उतरला म्हणून दुखणं थांबलं. ऑपरेशन नाकातूनच होणार होतं, बाहेरून कुठे चीर नाही. तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. एक लस टोचली आणि सूचनांचा कागद दिला. वाकायचं नाही. ओझं उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही, बोळा घालायचा नाही. शौचाला जोर करायचा नाही. झोपताना डोकं उंच. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, नाहीतर हवा आणि नाकातले जंतू वर ढकलले जातील.

"वर म्हणजे?" या वेळी बरोबर आलेल्या बाबांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"ताप आला, मान आखडली, उजेड सहन होईना, उलटी झाली, तर वाट बघू नका," डॉक्टर म्हणाल्या. "सरळ इथे यायचं."

ते दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. बाबांनी मिरपूड, अगरबत्त्या, अंगाला लावायची पावडर, सगळं एका डब्यात भरून आत्याकडे नेऊन दिलं. झाडू मारायला मला बंदी, ओल्या फडक्याने पुसायचं. आत्या आली की दारातच स्वतःला हुंगून घ्यायची, कुठला वास तर येत नाही ना. एकदा तिलाच शिंक आली, तर बिचारी धावत जिन्यात गेली, जणू तिची शिंक आईला लागेल. आई हसली आणि लगेच हसू आवरलं. हसल्याने दाब वाढतो का, हे आम्ही विचारलं नव्हतं.

आई तीन उशांना टेकून बसायची. बोलणं कमी झालं होतं. एकदा दुपारी मी खोलीबाहेरून जाताना तिचा पुटपुटण्याचा आवाज आला. ती नावं म्हणत होती. मुलींची नावं, एकामागून एक, हजेरी घ्यावी तशी. मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून. त्याच जागी पुन्हा थांबली.

मी आत गेले. "काय करतेयस, आई?"

ती ओशाळली. "चौथीचा वर्ग आठवतेय. एकवीस मुली होतो. वीसच आठवतायत."

"बरं मग?"

"मागच्या वर्षीपर्यंत एकवीस आठवायच्या." तिने डाव्या नाकपुडीला बोट लावलं. ते ओलं झालं, तिने ते निरखून पाहिलं. "इतके महिने गळतंय. त्यातून काय काय गेलं असेल, कोणाला ठाऊक."

मी डॉक्टरांना फोन केला आणि फोन तिच्या कानाला लावला. डॉक्टरांनी समजावलं की ते पाणी रोज नवीन तयार होतं, दिवसाला अर्धा लिटर, आणि आठवणी त्यात नसतात. आई "हो, हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्यांना काय माहीत, चौथीत कोण होतं."

पाचव्या दिवशी ते घडलं. मी तिचे केस विंचरत होते. तिच्या खांद्यांत एक झटका जाणवला, तिने श्वास आत ओढला. मी "तोंड उघड" म्हणेपर्यंत तिने ओठ घट्ट मिटले, नाक चिमटीत धरलं आणि शिंक दाबली. तेवीस वर्षांची सवय. समोर कागद असला की ती शिंक अशीच गिळायची. डोकं हिसक्याने मागे आलं, कंगवा माझ्या हातून पडला.

मी कंगवा उचलला.

"काही नाही झालं," ती म्हणाली.

"दुखतंय का?"

"नाही. ऐक, बाबांना सांगू नकोस. आधीच ते जेवत नाहीत धड. सांगितलंस तर कामावर जायचे नाहीत."

"डॉक्टरांना तरी सांगू."

"सोमवारी जायचंच आहे ना तपासणीला. मी सांगेन." तिने माझा हात धरला. हात गार होता. "माझी शपथ आहे तुला."

मी सांगितलं नाही. रात्रीचं जेवण वाढताना बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "शिंक?" मी म्हणाले, "नाही." ते "शाब्बास" म्हणाले, जणू तो पराक्रम माझाच होता.

दुसरा दिवस बरा गेला. तिसराही. मला वाटलं, टळलं. सोमवार यायच्या आधीच, चौथ्या दिवशी सकाळी मी पडदा सरकवला तर आईने दोन्ही हातांनी डोळे झाकले. "बंद कर," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी तिला बसवायला गेले आणि मान वाकेना. हनुवटी छातीकडे जाईचना, मानेत फळी घातल्यासारखी. मग तिला उलटी झाली.

बाबा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात होते, फोन लागत नव्हता. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि आत्याला. आत्या अनवाणी आली. रस्ताभर ती आईच्या डोळ्यांवर आपला हात धरून बसली होती, उजेड लागू नये म्हणून. आई मला ओळखत होती की नाही कळेना. एकदा तिने माझ्याकडे बघून विचारलं, "टिपकागद बदलला का?"

इस्पितळात तिला आत नेलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते गढूळ निघालं. मेंदूच्या आवरणांना सूज, जंतूंमुळे. औषध त्याच तासाला सुरू झालं. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, एवढंच सांगून सगळे कामाला लागले.

बाबा आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना ग्रीस होतं. ते बाकावर माझ्या शेजारी बसले आणि हात मांड्यांखाली घातले, कुठे डाग लागू नये म्हणून. मला राहवलं नाही.

"बाबा, आईने शिंक दाबली होती. तीन दिवसांपूर्वी. माझ्यासमोर. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी मांड्यांखालून हात काढले. मला वाटलं आता हात उगारतील, आणि तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं.

"उशी ओली असायची," ते म्हणाले.

मला कळेना.

"तुझ्या आईची. डॉक्टरांकडे जायच्या कितीतरी आधीपासून. सकाळी मी अंथरूण काढायचो ना, हाताला लागायची. मला वाटायचं ती रडते. आमचं तेव्हा थोडं बिनसलं होतं, भांडण असं नाही, पण बोलणं कमी होतं. म्हटलं, विचारलं तर सगळं निघेल. म्हणून उशी उलटी करून ठेवायचो." त्यांनी नाक ओढलं. "अडीच महिने उलटी करून ठेवली मी ती उशी."

कोणी कोणाची समजूत काढली नाही.

संध्याकाळी नाकाच्या डॉक्टर आल्या. मी त्यांनाही शिंकेचं सांगितलं. त्या उभ्या होत्या, त्या माझ्या शेजारी बसल्या. "तुला खोटं सांगत नाही. दाबलेल्या शिंकेने मदत नक्कीच झाली नाही, आणि मला कळवायला हवं होतं. पण त्या भोकाचं दार तीन महिने उघडं होतं. जंतू कधी आत गेले हे मलाही सांगता येणार नाही, तुलाही नाही. तू आज तिला किती वेळात इथे आणलंस?"

"पाऊण तासात."

"ते धरून ठेव," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही. आई बडबडत होती, कागदांशी, साहेबांशी, तिच्या गेलेल्या आईशी. नर्स तासातासाला तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायच्या, आणि दर वेळी मी नर्सच्या चेहऱ्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने डोळे उघडले आणि बाबांना म्हणाली, "अहो, काय अवतार आहे हा, दाढी तरी करा." बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दोन आठवडे शिरेतून औषध चाललं. जंतू पूर्ण गेल्यावर ऑपरेशन झालं. मांडीच्या स्नायूंवरच्या पातळ पडद्याचा तुकडा काढून तो भोकावर आतून लावला आणि त्यावर नाकाच्या मधल्या पडद्याचंच अस्तर वळवून घातलं. डॉक्टर आईला हे समजावत होत्या तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले: कडा किती सोडणार, आणि चिकटायला किती दिवस. डॉक्टर म्हणाल्या, असे प्रश्न त्यांना त्यांचे विद्यार्थीही विचारत नाहीत.

ऑपरेशन चार तास चाललं. नाकात भरलेल्या पट्ट्या सहाव्या दिवशी काढल्या. त्या निघताना आईने माझं मनगट इतकं आवळलं की दोन दिवस वळ राहिले. पाणी थांबलं होतं. डाव्या बाजूने वास मात्र कायमचा गेला, कारण त्या चाळणीतल्या नसाच गेल्या होत्या. डोक्यातला दाब वाढू नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी बोटांना मुंग्या येतात. वजन कमी करायला सांगितलंय. दर तीन महिन्यांनी डॉक्टर दुर्बिणीने आत बघतात.

घरी आल्यावरचे दिवस मला जास्त कठीण गेले. इस्पितळात भीतीला निदान वेळापत्रक होतं. घरी ती कधीही यायची. आई खोकली की बाबा आतल्या खोलीतून विचारायचे, "काय झालं?" आई न्हाणीघरात जास्त वेळ राहिली की मी दाराशी जाऊन उभी राहायचे. सकाळी बाबा आणि मी, दोघेही तिच्या उशीला हात लावून बघायचो, एकमेकांच्या नकळत. एकदा आमचे हात एकाच वेळी उशीवर आले. आई दारात उभी होती. "कोरडी आहे," ती म्हणाली. "आता दोघंही निघा कामाला." चिडली होती ती, पण नंतर स्वयंपाकघरात तिला मी पाहिलं. पाठमोरी उभी राहून ती नाकाखाली बोट लावून बघत होती.

चार महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. साहेबांनी तिच्यासाठी उंच, उतरतं टेबल करून घेतलं होतं, मान सरळ ठेवून काम करता यावं असं. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. तळघराच्या पायऱ्या ती कठड्याला धरून उतरली, खाली न बघता, पायाने चाचपत. दाराशी थांबून माझ्याकडे वळली. "जा आता. तुझा वर्ग चुकेल."

"जाते."

ती आत गेली. दार पूर्ण लागलं नव्हतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग डबा उघडल्याचा, मग काही नाही. मी पायरीवर उभी राहिले. वरून कोणीतरी उतरलं, मला बाजूला व्हायला सांगितलं, मी झाले आणि पुन्हा तिथेच आले. पहिला तास बुडाला. आतून एकदा पान उलटल्याचा आवाज आला. दुसऱ्या तासालाही मी गेले नाही.